केळशीच्या वाळूतला कोळसा

दापोली तालुक्यातल्या केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक उंच टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा वाळूच्या थरांत खापरे, नाणी आणि कोळशाचे तुकडे मिळाले. सप्टेंबर १५२४ मध्ये दाभोळजवळच्या समुद्रात वास्को द गामाच्या जहाजांना भूकंपाचे हादरे बसल्याची नोंद आहे. त्याच वेळच्या त्सुनामीशी या टेकडीचा संबंध मराठे यांनी जोडला. वाळूला स्वतःची तारीख नसते. कोळशाला असते, कारण त्यातला थोडा कार्बन अस्थिर असतो.

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन एकमेकांना दूर लोटत असतात. त्यांना बांधून ठेवणारे आकर्षण जोरकस असते, पण त्याचा पल्ला फार तोकडा. न्यूट्रॉन हे आकर्षण वाढवतात आणि लोटालोटीत भाग घेत नाहीत. मग न्यूट्रॉन जितके जास्त तितके बरे, असे वाटेल; तसे नाही. केंद्रकात ऊर्जेच्या पायऱ्या असतात. खालच्या भरल्या की जादा न्यूट्रॉनना वरच्या पायरीवर बसावे लागते. सहा प्रोटॉनबरोबर सहा किंवा सात न्यूट्रॉन असले तर कार्बन टिकतो. आठ झाले की एक न्यूट्रॉन कधीतरी इलेक्ट्रॉन बाहेर टाकून प्रोटॉन बनतो आणि कार्बनचा नायट्रोजन होतो. जड मूलद्रव्यांत हे गणित बदलते. तिथे लोटालोट इतकी वाढते की शिशाला ८२ प्रोटॉन सांभाळायला १२० हून अधिक न्यूट्रॉन लागतात, आणि त्याच्यापुढचे एकही मूलद्रव्य कायमचे टिकत नाही.

कोणता अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही. मात्र ५७३० वर्षांत निम्मे कार्बन-१४ अणू संपतात, हे नक्की. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून नवा पुरवठा होत राहतो. ते मेले की घड्याळ सुरू. विलर्ड लिबी यांना या पद्धतीबद्दल १९६० मध्ये नोबेल मिळाले, आणि त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी कालमापने होऊ लागली.

केळशीच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. पाचशे वर्षांत कार्बन-१४ जेमतेम सहा टक्के घटतो. मोजण्यात एक टक्का चूक झाली तरी ऐंशीएक वर्षांचा फरक पडतो. शिवाय सोळाव्या-सतराव्या शतकांत हवेतले त्याचे प्रमाण वरखाली झाले, त्यामुळे एकाच मोजणीला दोन-दोन काळ जुळू शकतात. कोळसा जुन्या खोडाचा असेल तर तारीख आणखी मागे जाते. म्हणून कोळसा काळाचा पट्टा देतो, नेमके साल नव्हे. तिथे नाण्यांची मदत घ्यावी लागते. आणि वाळू वाराही रचतो, वादळही रचते. कोळशाच्या वयावरून ती लाटेनेच आणली, हे सिद्ध होत नाही.

तरीही हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. कोकणाला त्याआधी असा तडाखा किती वेळा बसला, याची लेखी नोंद अगदी तुटपुंजी आहे. उरलेला पुरावा वाळूत आहे, आणि किनाऱ्यावरची वाळू रोज उपसली जाते.