सायकलीसाठी मोटार-संचाची निवड : दादर-परळ-लालबाग परिसराच्या संदर्भात

दादर, परळ, लालबाग व गिरगाव या भागांत सायकल हे प्रामुख्याने श्रमिकांचे वाहन राहिले आहे. डबेवाले, दूध वा वृत्तपत्रे पोहोचविणारे, पाव विकणारे यांच्या सायकलीवर पुष्कळदा चाळीस-पन्नास किलोंचे ओझे असते. अशा सायकलीस मोटार जोडावयाची झाल्यास वेग हा निकष गौण ठरतो. ओझे, चढ, पाणी आणि चाळीचा जिना यांचा विचार प्रथम करावा लागतो.

तत्पूर्वी कायद्याची मर्यादा पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचे व २५ घन सेंटिमीटरपर्यंत क्षमतेचे इंजिन असलेले वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. परंतु बाजारातील दोन-स्ट्रोक पेट्रोल संच सामान्यतः ४८ ते ८० घन सेंटिमीटरचे असतात. १९७२ मध्ये आलेली लूना ५० घन सेंटिमीटरचीच होती. मात्र तिचा सांगाडा व ब्रेक इंजिनाच्या हिशेबानेच घडविलेले होते, आणि तिची नोंदणी होत असे. सुटा संच बसविलेल्या सायकलीस यातले काहीच लाभत नाही. नोंदणी व विमा नसताना अपघात झाल्यास भरपाईचा भार थेट चालकावर येतो. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसासाठी हा धोका लहान नाही.

विजेच्या मोटारीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सूट आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि या बाबींना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता, या तिच्या प्रमुख अटी होत. केवळ वेष्टनावरील '२५० वॅट' हा आकडा पुरेसा नाही. विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी.

एवढी शक्ती पुरेल काय? चालक, सायकल व ओझे मिळून १२० किलो वजन आणि २५ ला १ असा पुलाचा चढ गृहीत धरल्यास, ताशी १० किलोमीटर वेगाने चढण्यास सुमारे १६५ वॅट लागतात. वेग दुप्पट केल्यास मागणी दुपटीहून अधिक होते. टिळक पूल किंवा करी रोडचा पूल सावकाश व पायडल मारत चढणाऱ्यास २५० वॅट पुरतात. गिरगाव चौपाटीकडून मलबार टेकडीवर जाणारा चढ लांब असल्याने मोटार तापण्याची शक्यता मात्र अधिक.

खरी अडचण जोडणीत आहे, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. काळ्या दांडीच्या पारंपरिक सायकलीची चाके २८ इंची. पुढे ३२ व मागे ४० स्पोक. हब मोटारींना, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटारींना, बहुधा ३६ छिद्रे असतात. त्यामुळे जुनी रिम निरुपयोगी ठरते. सळईच्या ब्रेकला मोटार बंद करणारा खटका असलेली मूठ जुळत नाही; तारेचे ब्रेक बसवावे लागतात. पायडलच्या आसापाशी बसणारी मोटार गिअरच्या सायकलीवर उत्तम चालते. एकाच गिअरच्या या सायकलीवर तिचा मुख्य लाभच उरत नाही. पुढच्या चाकातील मोटार बसविण्यास सोपी, परंतु ओझे मागे असताना ओल्या चढावर ते चाक घसरते. म्हणून मागच्या चाकात बसणारी, आत दातेरी चक्रे असलेली हब मोटार, तीही २८ इंची रिमवर तयार चाकासह घेणे श्रेयस्कर.

हिंदमाता परिसरात भूमिगत साठवण टाक्या झाल्या असल्या तरी मुसळधार पावसात पाणी साचण्याचा संभव संपलेला नाही. २८ इंची चाकाचा आस जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच असतो. गुडघाभर पाणी मोटारीत सहज पोहोचते. अशा वेळी मोटार बंद करून सायकल हाती धरून न्यावी. नियंत्रक व बॅटरी खोगिराजवळ उंचावर असाव्यात.

बॅटरीचा प्रश्न बीडीडी चाळींसारख्या जुन्या वस्त्यांत निर्णायक ठरतो. ३६ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे वजन दहा-बारा किलो, लिथियमचे तीन किलोंच्या आसपास. सायकल खाली ठेवून बॅटरी तेवढी वर न्यावयाची, तर हा फरक रोज जाणवतो. लिथियम प्रकारांत फॉस्फेटची बॅटरी थोडी जड, पण आगीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित. एका खोलीत सारे कुटुंब झोपते तेथे तीच निवडावी. चार्जिंग रात्री किंवा जिन्याच्या वाटेत करू नये.