बिनतारी जाळें व त्याचें कुलूप

काटोलच्या जुन्या घरांतील जाड भिंतींपलीकडे वायफायची लहर क्षीण होते व मागील खोलींत मुलांचा अभ्यास अडतो; म्हणून पालक एक्स्टेंडर आणतात. तो त्याच खोलींत ठेवणें व्यर्थ होय. आम्हींहि प्रथम हीच चूक केली. जेथें लहरच पोंचत नाहीं, तेथून तो पुढें काय धाडणार? राउटर व ती खोली यांच्या मध्यावर, उंच जागीं तो ठेवावा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ५ गिगाहर्ट्‌झपेक्षां भिंतींतून अधिक पार जाते.

परंतु वाढलेली लहर रस्त्यावरहि पोंचते. जुलै २००८ मध्यें अहमदाबादेंतील स्फोटांपूर्वीं कांहीं मिनिटें धाडलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईंतील एका परदेशी गृहस्थाच्या घरच्या वायफायपर्यंत गेला. तें नीट सुरक्षित नव्हतें. पोलिसांच्या चौकशीचा ताप मात्र त्यासच झाला.

यास्तव एक्स्टेंडरचा कारखान्यांतून आलेला पासवर्ड प्रथम बदलावा. डब्ल्यूपीए२ किंवा, सोय असल्यास, डब्ल्यूपीए३ निवडावें. बटन दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय जोडणी होतांच बंद करावी. २०१७ सालीं डब्ल्यूपीए२ मध्येंहि फट सांपडली होती, म्हणून यंत्राचें सॉफ्टवेअर अद्ययावत् ठेवावें. आणि पासवर्ड मुलाच्या जन्मतारखेचा नको. ती गल्लींतील सर्वांस ठाऊक असते.