पन्नाशीच्या उंबरठ्यावर परदेशी इंग्रजीची शाळा

कापडाच्या धंद्यात एका लहानशा शब्दाची किंमत किती असते, हे मी २०१६ साली शिकलो. आखातातील एका ग्राहकाने आमच्या नावे लेटर ऑफ क्रेडिट उघडले होते. जादा अटींत लिहिले होते की माल ३० तारखेच्या 'बिफोर' जहाजावर चढावा. मी आणि माझ्या मुनीमजींनी त्याचा अर्थ '३० तारखेपर्यंत' असा घेतला. माल ३० तारखेला चढला, बिल ऑफ लेडिंगवर तीच तारीख पडली आणि बँकेने कागद अडवले. तोवर बाजार उतरला होता. ग्राहकाने आठ टक्के सूट मागितली, ती आम्ही मुकाट्याने दिली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "अब्बा, बिफोर म्हणजे आधी. पर्यंत नव्हे."

लेटर ऑफ क्रेडिटचे व्यवहार पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या 'यूसीपी ६००' या नियमांनी चालतात. ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. माल चढवण्याच्या मुदतीसाठी 'टिल' किंवा 'अन्टिल' लिहिले असेल तर ती तारीख धरली जाते, 'बिफोर' लिहिले असेल तर ती वगळली जाते. रकमेपुढे किंवा मालाच्या संख्येपुढे 'अबाउट' हा शब्द असेल तर दहा टक्के कमी-जास्त चालते. अशा शब्दांवर लाखांचे व्यवहार उभे असतात. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी वाचून काम भागत असे, पण शब्दाची धार कळत नव्हती आणि फोनवर बोलायचे तर घाम फुटत असे. म्हणून २०१८ च्या जानेवारीत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दुकान भावाच्या हवाली करून मी माल्टाला इंग्रजी शिकायला गेलो. अनेक व्यापारी बांधव याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माल्टाच का?

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेस असलेला भूमध्य समुद्रातील ३१६ चौरस किलोमीटरचा देश. १९६४ पर्यंत तेथे इंग्रजांचे राज्य होते. आजही माल्टीजबरोबर इंग्रजी ही राजभाषा आहे आणि वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणे हा तेथील मोठा धंदा असून शाळांना सरकारी परवाना लागतो. शाळा निवडताना हा परवाना आधी तपासावा.

आपल्यासाठी एक गंमतही आहे. माल्टीज भाषा अरबीतून निघालेली असून रोमन लिपीत लिहिली जाते. पुस्तकाला 'क्तीब', सूर्याला 'शेम्श', घराला 'दार' म्हणतात. उर्दू शिकलेल्या माणसाला रस्त्यावरच्या पाट्यांत ओळखीचे शब्द भेटतात आणि परकेपणा थोडा कमी होतो.

व्हिसाचा हिशेब

माल्टा शेंगेन करारात आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहण्यासाठी अल्प मुदतीचा व्हिसा लागतो. बारा आठवड्यांचा कोर्स म्हणजे ८४ दिवस, तो यात बसतो. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजला जातो, म्हणून तिकीट दिवस मोजूनच काढावे. जून २०२४ पासून मोठ्या माणसासाठी या व्हिसाची फी ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, शाळेचे प्रवेशपत्र, राहण्याची सोय, परतीचा प्रवास आणि पुरेशा पैशांचा पुरावा द्यावा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. व्यापाऱ्याने आयकराची विवरणपत्रे आणि दुकानाचे कागद जोडावेत. हा माणूस आपला धंदा सांभाळायला परत येईल, हे त्यांतून दिसले पाहिजे.

ब्रिटनला जायचे असल्यास मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर व्हिसावर करता येतो. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी कोर्ससाठी वेगळा व्हिसा आहे. यांपैकी कोणत्याही व्हिसावर तेथे नोकरी करता येत नाही. "कोर्स करा, तिकडेच काम लावून देतो" असे सांगणाऱ्या एजंटाला दुरूनच सलाम करावा.

किती शिकून होते?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. शाळेत गेल्यावर चाचणी घेऊन वर्ग ठरवतात. नेहमीच्या कोर्समध्ये आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचे वीस तास असतात, म्हणजे घड्याळाचे पंधरा तास. बारा आठवड्यांचे १८० तास झाले. एक पायरी चढायला साधारण दोनशे तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा अंदाज आहे. म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम एक पायरी. "तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी" हे जाहिरातीतच घडते. म्हणून ए-२ पर्यंतचे शिक्षण घरीच, आपल्या गावच्या शिकवणीत पुरे करावे. एबीसीडी गिरवण्यासाठी युरोत पैसे मोजणे म्हणजे शुद्ध नुकसान आहे. माझ्या खर्चात शाळेची फी निम्म्याहून कमी होती, बाकी सारे राहण्या-खाण्यात आणि तिकिटात गेले.

उर्दू माध्यमवाल्यांची एक खास अडचण सांगतो. उर्दू लिखाणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा ते अंदाजाने भरतो. तीच सवय आपण इंग्रजीत नेतो. माझ्या तोंडी 'शिप' आणि 'शीप' एकच होते, म्हणजे जहाज आणि मेंढी यांत फरक नव्हता! शिक्षिका माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने हसू न येऊ देता रोज दहा मिनिटे हे घोटून घेतले.

वर्गात तुर्क, इटालियन, जपानी, कोलंबियन असे सगळे होते. पहिला आठवडा मी शरमेने गप्प होतो. मग लक्षात आले की सगळेच चुकतात आणि तरी बोलतात. धंद्यातही समोरचा बहुधा इंग्रज नसतोच. "कृपया पुन्हा सांगा, मला नीट समजले नाही" हे न लाजता म्हणायला शिकलो, हीच तिथली खरी कमाई.

जाणाऱ्यांना काही सूचना

जुलै-ऑगस्ट टाळावा. तेव्हा शाळा कोवळ्या मुलांनी भरतात आणि दर चढतात. काही शाळांत तीस किंवा पन्नास वर्षांवरील लोकांचे वेगळे वर्ग असतात, त्यांची चौकशी करावी. आपल्या माणसांबरोबर खोली घेऊ नये, नाही तर दिवसभराचे इंग्रजी रात्री हिंदीत वाहून जाते. आपले जुने करार आणि पत्रे, नावे व रकमा झाकून, सोबत न्यावीत आणि शिक्षकांकडून त्यांतले शब्द समजून घ्यावेत. परत आल्यावर रोज अर्धा तास सराव ठेवावा. न वापरलेली भाषा गोदामातल्या तागासारखी असते, घडीवर विरते.

आज माझे इंग्रजी काही विलायती झालेले नाही. पण लेटर ऑफ क्रेडिट आले की मुनीमजी आणि मी ते शब्द न् शब्द वाचतो. शंका आली तर माल लादण्यापूर्वी ग्राहकाला मी स्वतः फोन करतो. मागे अशाच एका कागदात पुन्हा 'बिफोर' दिसला. फोन करून दुरुस्ती मागितली, ती दोन दिवसांत आली आणि माल वेळेत गेला. त्या वेळी एक टक्काही सूट द्यावी लागली नाही.