घरापेक्षा वीट महाग

गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात पाडकामाचे ठेकेदार जुन्या घराकडे आले की घर बघायचे नाहीत, विटा मोजायचे. 'सव्हाना ग्रे' ही तिथली वीट करड्या-तपकिरी रंगाची, नेहमीच्या विटेपेक्षा मोठी. यांतल्या कितीतरी विटा नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी हातानं पाडलेल्या. उपनगरांतल्या नव्या बंगल्यांना त्या हौसेनं लावल्या जात. त्यामुळे मोडकळीला आलेलं घर उभं असण्यापेक्षा पडलेलंच जास्त किफायतशीर.

1954 मध्ये एलिस चौकातली जुनी मंडई पाडली गेली. कशासाठी, तर बहुमजली वाहनतळासाठी! जेम्स ओगलथॉर्पनं 1733 मध्ये आखायला घेतलेल्या या शहराचा जीव त्याच्या चौकांत आहे. मधे झाडांची मोकळी जागा, भोवती घरं, थोडं चाललं की पुन्हा चौक. वाढत वाढत असे चोवीस झाले. त्यातला एक गाड्यांनी गिळला.

वर्षभरात पाळी आली डेव्हनपोर्ट हाउसची. आयझाया डेव्हनपोर्ट या कसबी बांधकाम करणाऱ्यानं 1820 मध्ये स्वतःसाठी बांधलेलं हे घर. पुढे त्याची चाळ झाली होती. इथेही डोळा पार्किंगवरच. पण मंडई गेल्याचा राग ताजा होता. पत्रकार आणि चित्रकार ॲना हंटर यांच्यासह सात बायका पुढे झाल्या, 22,500 डॉलर उभे करून त्यांनी घर विकत घेतलं. 'हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन'चा जन्म हा असा, 1955 मधला.

एक घर वाचवणं त्या मानानं सोपं. वर्गणी काढा, संग्रहालय करा. पण शेकडो घरांची संग्रहालयं करून ती बघणार कोण? इथे संस्थेनं भावनेला बाजूला बसवलं आणि व्यापारी डोकं चालवलं. त्या सात जणींपैकी एकीचा मुलगा, शेअरदलाल ली ॲडलर, यात पुढे होता. ओगलथॉर्प ॲव्हेन्यूवरची मार्शल रो ही चार घरांची ओळ विटांसाठी पाडायला निघाली होती. मागचे बग्गीखाने जमीनदोस्तही झाले होते. त्याच्या पुढाकारानं घरं वाचली, आणि त्यातल्या एका घरात कवी कॉनरॅड एकन म्हातारपणी राहायला आला, आपल्या बालपणीच्या घराला लागूनच.

यातून पक्का झाला तो फिरता निधी. संस्था धोक्यातलं घर विकत घेते आणि ते दुरुस्त करायला तयार असलेल्याला विकते; आलेले पैसे पुढच्या घरात. खरी मेख खरेदीखतात असते: घर पाडायचं नाही, संस्थेला विचारल्याशिवाय दर्शनी भाग बदलायचा नाही. घर पुढे दहा हातांतून गेलं तरी अट सुटत नाही. या मार्गानं चारशेहून अधिक इमारती वाचल्या. 1966 मध्ये जुन्या शहराला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.

घर वाचलं, त्यात राहणाऱ्याचं काय? वस्ती सुधारली की भाडं वाढतं आणि गरीब भाडेकरू, सव्हानात बहुतेक कृष्णवर्णीय, बाहेर पडतो. हे दुखणं ॲडलरलाही दिसलं. 1974 मध्ये त्यानं व्हिक्टोरियन वस्तीतली लाकडी घरं कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठीच दुरुस्त करण्याचा प्रकल्प हाती घेतला. पोस्टमन आणि नागरी हक्क चळवळीचे पुढारी डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ यांनी वेगळी बाजू धरली. श्रीमंतांच्या हवेल्यांच्या गर्दीत कृष्णवर्णीयांच्या वास्तू कुणी मोजतच नव्हतं. लॉ यांनी 1896 चं किंग-टिसडेल कॉटेज उचलून दुसऱ्या जागी हलवलं आणि तिथे कृष्णवर्णीय सव्हानाचं संग्रहालय केलं. माझ्या मते, सात बायकांच्या गोष्टीइतकीच ही गोष्टही शहराच्या फलकांवर ठळक हवी.

आणि तो वाहनतळ? पन्नास वर्षांनी तोही पाडला. 2010 मध्ये एलिस चौक पुन्हा खुला झाला. गाड्या आता त्याच्या पोटात, जमिनीखाली उभ्या राहतात. मंडई मात्र परत आली नाही.