नाउरूचा हिशेब मागणारा नेता

प्रशांत महासागरातलं नाउरू बेट अवघं २१ चौरस किलोमीटरचं. तिथल्या पठारावर उत्तम प्रतीचं फॉस्फेट आहे हे १९०० च्या सुमारास कळलं आणि बेटाचं नशीब ठरून गेलं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ ही संस्था उभारली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या निकस कुरणांना बाजारभावापेक्षा स्वस्त खत मिळू लागलं. जमीनमालकांच्या हाती मात्र टनामागे काही पेनी पडत.

हॅमर डीरोबर्ट यांचा जन्म १९२२ चा. ऑस्ट्रेलियात जिलाँगला शिकून ते गावी मास्तर झाले. १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं आणि पुढच्या वर्षी सुमारे १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर वेठबिगारीला नेलं. त्यांत डीरोबर्टही होते. ३१ जानेवारी १९४६ ला ७३७ जण परतले. बाकीचे तिकडेच गेले, उपासमारीने आणि रोगाने.

१९५६ मध्ये डीरोबर्ट स्थानिक परिषदेचे प्रमुख झाले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचं म्हणणं असं, की शतक संपेपर्यंत फॉस्फेट संपेल, बेट राहण्याजोगं उरणार नाही, तेव्हा सगळ्यांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या कर्टिस बेटावर यावं. घरं, नोकऱ्या, नागरिकत्व, सगळं देऊ केलं होतं. फक्त सार्वभौमत्व नव्हतं. डीरोबर्ट यांनी १९६४ मध्ये नकार दिला. काही हजारांच्या समाजाने इतक्या सोयींवर पाणी सोडलं, कारण तिथे गेल्यावर आपण नाउरूचे म्हणून उरणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. माझ्या मते डीरोबर्ट यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच.

त्यानंतर खाणींसाठीची बोलणी. १९६७ च्या करारानुसार सुमारे २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून नाउरूने आपल्याच जमिनीवरचा उद्योग विकत घेतला. स्वातंत्र्याची तारीख ३१ जानेवारी १९६८ ठरली, म्हणजे ट्रुकहून परतल्याला बरोबर बावीस वर्षं. डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९७६ ते १९७८ हा काळ आणि १९८६ मधले काही दिवस वगळता १९८९ पर्यंत खुर्ची त्यांच्याकडेच होती.

सत्तरच्या दशकात नाउरूचं दरडोई उत्पन्न जगातल्या श्रीमंत देशांच्या पंक्तीत जाऊन बसलं. प्राप्तिकर नाही, दवाखाना आणि शाळा फुकट. मेलबर्नमध्ये १९७७ साली ५२ मजली ‘नाउरू हाउस’ उभं राहिलं. विमान कंपनी तर लोकसंख्येच्या मानाने अवाढव्यच. पण हा पैसा येत होता जमीन खरवडूनच, आता नाउरूच्याच हुकमाने. फॉस्फेट काढलं की मागे चुनखडीचे उंच सुळके उरतात, दातांसारखे, एकमेकांना खेटून. त्यांच्या बेचक्यांत ना झाड लावता येत, ना घर बांधता येत. बेटाचा बहुतेक मधला भाग असा झाला आणि वस्ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर राहिली. खाणीचा वेग कमी करण्याचं आणि गुंतवणुकीवर कडक देखरेख ठेवण्याचं काम डीरोबर्ट यांच्या सरकारने करायला हवं होतं. ते झालं नाही, आणि हा दोष त्यांच्याच पदरात घालावा लागतो.

जुन्या मालकांचा हिशेब मात्र त्यांनी सोडला नाही. स्वातंत्र्यापूर्वी उकरलेली जमीन पूर्ववत करण्याचा खर्च तिन्ही देशांनी द्यावा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. १९८६ मध्ये श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला, आणि मे १९८९ मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावाने डीरोबर्ट यांची सत्ता गेली, तरी खटला चालू राहिला. २६ जून १९९२ रोजी न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे मुख्य प्राथमिक आक्षेप बहुमताने फेटाळले. १५ जुलैला मेलबर्नमध्ये डीरोबर्ट वारले.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने न्यायालयाबाहेर तडजोड करून १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. ब्रिटन आणि न्यूझीलंडने त्यात प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा उचलला. ‘नाउरू हाउस’ २००४ मध्ये कर्जापायी विकलं गेलं. पठारावरचे सुळके बहुतांशी अजून तसेच आहेत.