शेजारचा शुक्र आणि आपली पृथ्वी

फजरच्या नमाजसाठी उठणाऱ्यांना अधूनमधून काही महिने पूर्वेला एक अतिशय तेजस्वी चांदणी दिसते. ती म्हणजे शुक्र. चांदणी म्हटली जात असली तरी शुक्र हा पृथ्वीसारखाच एक ग्रह आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, तर शुक्राचा १२,१०४. आकाराने दोघी सख्ख्या बहिणीच जणू!

पण दुरून इतक्या सुंदर दिसणाऱ्या शुक्रावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आहे. तिथे शिसेही वितळेल. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक आहे. १९८२ साली सोव्हिएत रशियाचे ‘व्हेनेरा १३’ हे यान तिथे उतरले आणि अवघी १२७ मिनिटे काम करून बंद पडले.

असे का? शुक्र सूर्याला अधिक जवळ आहे, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे तिथल्या हवेत जवळजवळ ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. हा वायू उष्णता कोंडून ठेवतो. आपल्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के आहे. मात्र असे वायू मुळीच नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास गेले असते. म्हणजे फार झाले तर भट्टी आणि नाहीसे झाले तर बर्फ!

केवळ सूर्यापासूनचे अंतर योग्य असूनही भागत नाही. चंद्र आपल्याइतक्याच अंतरावर आहे, पण त्याला हवा धरून ठेवता आली नाही. मंगळावरची हवा इतकी विरळ आहे की तिथे पाणी वाहते राहू शकत नाही. पृथ्वीवर मात्र अंतर, हवा, पाणी, ओझोनचे छत्र आणि चुंबकीय कवच या साऱ्यांचा मेळ जमला आहे.

१९९५ साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला. आज अशा दूरच्या ग्रहांची संख्या पाच हजारांवर गेली आहे. तरीही पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असल्याचा पुरावा अद्याप एकाही ठिकाणी मिळालेला नाही. उद्या तो मिळाला, तरी तिथे जाणार कसे? सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. ‘व्हॉयेजर १’ यानाच्या वेगाने तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील.

म्हणजे आपल्याला जायला दुसरे घर नाही. या घरातही सुमारे ९७ टक्के पाणी खारट आहे. गोड्या पाण्याचा बराचसा भाग बर्फात अडकलेला आहे. उरते ते थोडेसे, आणि त्यावरच सारी माणसे, गुरेढोरे व शेती जगते.

ही पृथ्वी आपली मालमत्ता नव्हे, अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. उद्या पहाटे वुजूसाठी नळ उघडाल तेव्हा खिडकीतून शुक्र दिसतो का ते पाहा, मुलांनाही दाखवा. आणि वुजू होताच नळ घट्ट बंद करा. त्या तेजस्वी ग्रहावर पाण्याचा एक थेंबही टिकत नाही.