अडलेलं गणित लिहून काढा

"सर, हे गणित येत नाही," असं मुलं म्हणतात तेव्हा आपण बहुधा ते फळ्यावर सोडवून दाखवतो. त्याऐवजी 'कुठे अडलं ते लिहून आण' असं सांगून पाहा.

एक मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने गावाला गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने परतली. सरासरी वेग किती? पुष्कळ मुलं चटकन ५० म्हणतात. पुस्तकात उत्तर ४८ असतं. इथे गाडी अडते.

आता मुलं लिहितील, 'मी दोन्ही वेगांची बेरीज करून निम्मी केली, कारण...' या 'कारण'पाशी पेन्सिल थांबते. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला, असं मनात धरलेलं असतं. कागदावर आलं की ते तपासता येतं. गाव १२० किलोमीटर दूर आहे असं मानू. जायला ३ तास, यायला २. म्हणजे ५ तासांत २४० किलोमीटर, ताशी ४८!

मनातल्या मनात आपण पायऱ्या गाळतो आणि ते कळतही नाही. लिहिताना मात्र वाक्य पुरं करावंच लागतं. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनीही १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात प्रश्न समजून घेणं हीच पहिली पायरी सांगितली आहे.

वहीत चार प्रश्न पुरेत: काय दिलं आहे? काय शोधायचं? मी काय केलं आणि का? कुठे अडलं? काहींना लिहितानाच उत्तर सापडेल. इतरांना नेमकं काय समजावायचं, ते तुम्हाला सापडेल.